जानेवारीत पवनेवर कयाक चालवताना अंगावर काय असावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या कोथरूडहून दर रविवारी भल्या सकाळी दुचाकीवरून पवना धरणावर जायचं, सोबत बारा वर्षांचा मुलगा, दीड-दोन तास कयाक चालवायची आणि परत यायचं. कयाक वर बसून चालवायची आहे, पाय आत घालून नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हृषीकेशला राफ्टिंगचा बेत. मित्राचा 3 मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा वेटसूट, म्हणजे निओप्रीन नावाच्या रबरी फोमचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मिळतो आहे. घरात सुती थर्मल, माकडटोपी आणि पावसाळी ट्रेकचं जॅकेट आहे. खर्चाची मर्यादा सहा हजार. वेटसूट विकत घ्यावा का, आणि नाही तर काय घ्यावं?

पवनेसाठी स्वतःला वेटसूट विकत घेऊ नका. हृषीकेशला मित्राचा न्या, तो बसत नसेल तर तिथेच भाड्याने घ्या. सुती थर्मल दोन्हीकडे पाण्यात घालू नका. आता कारणं.

कपडे हवेकडे बघून घालू नयेत, पाण्याकडे बघून घालावेत, असा या खेळातला नियम आहे आणि तो बरोबरच आहे. फक्त तो जिथे तयार झाला तिथे पाणी हवेपेक्षा थंड असतं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी उलटं असतं. पाषाण, एनडीए, हवेली भागात पारा आठ-नऊवर येतो. धरणाचं पाणी मात्र दिवसभर ऊन खाल्लेलं असतं, ते इतक्या लवकर गार होत नाही आणि वीस-बावीस अंशांच्या आसपास राहतं. सकाळी पवनेवर वाफ निघताना दिसते ती याचमुळे. विश्वास ठेवू नका, मोजा: मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा थर्मामीटर दोरीला बांधून हातभर खोल सोडा, तीन मिनिटं थांबा आणि बाहेर काढल्या काढल्या वाचा. काठावरचं उथळ पाणी मोजू नका, धक्क्याच्या टोकाला मोजा. आकडा 21च्या वर असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू. 18च्या खाली असेल तर मित्राचा वेटसूट घाला. अधलंमधलं असेल तर मुलासाठी जास्त काळजी, तुमच्यासाठी तेवढी नाही.

वीस-बावीसच्या पाण्यात पडलात तर दचकायला होतं, पण श्वास सुटत नाही आणि हातपाय चालतात. खरी थंडी वाजते ती कयाकवर परत चढल्यावर. ओले कपडे, वर वारा, आणि कपड्यातलं पाणी वाळायला लागणारी उष्णता. एक लिटर पाणी वाळायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात. म्हणजे टी-शर्टमध्ये राहिलेलं 200 मिलिलिटर पाणी वाळताना 116 किलोकॅलरी खेचतं. त्यातली काही उष्णता हवेतून आणि उन्हातून येते, म्हणून निम्मीच अंगातून गेली असं धरू, 58. आता काठावरचा गरम चहा: 60 अंशांचा 200 मिलिलिटर चहा पोटात जाऊन 37 अंशांवर येताना देतो साडेचार किलोकॅलरीच्या आसपास. साखरेचं वेगळं, पण ती पचेपर्यंत तुम्ही घरी पोचाल. एका ओल्या टी-शर्टची भरपाई करायला बारा-तेरा कप चहा लागेल. अमृततुल्यवाल्याला आनंद होईल, तुम्हाला नाही. अंगाजवळ कमी पाणी धरणारा कपडा आणि त्यावर वारा अडवणारा थर, एवढ्या दोन गोष्टींवर पुण्यातला सगळा हिशोब बसतो. त्यात वेटसूट कुठेच येत नाही.

मित्राचा वेटसूट तिथे त्रासदायकही ठरेल. 3 मिलिमीटरच्या निओप्रीनमध्ये खांदे आणि दंड वल्हवताना प्रत्येक फेकीला रबर ताणतात. अर्ध्या तासात दंड भरून येतात. शिवाय वल्हवताना अंग तापतं, सूर्य वर आला की आत घामाचं पाणी साचतं आणि आठच्या सुमारास तुम्ही मागची चेन उघडून बसलेले असता. उघड्या चेनमध्ये वारा शिरला की पाठ गार. निओप्रीन घालायचंच असेल तर बिनबाह्यांचं, पूर्ण पायांचं, 2 मिलिमीटरचं घ्यावं आणि वर जॅकेट. सतत पडणाऱ्या नवशिक्याला ते खरंच उपयोगी आहे. तुम्ही तासाला एखाद-दुसऱ्यांदा पडत असाल तर गरज नाही.

अंगाला चिकटणारा थर आधी. फुल बाह्यांचा, घट्ट बसणारा पॉलिएस्टर टी-शर्ट, ज्याला दुकानदार ड्राय-फिट म्हणतात. तो सैल घेऊ नका, सैल कापड आणि अंग यांच्यामध्ये पाणी बसतं. आणि त्याच्या आत बनियन घालू नका. ही चूक इतकी सर्रास होते की स्वतंत्र सांगावी लागते: वरचा टी-शर्ट भारीतला, आत सुती बनियन, आणि मग "ड्राय-फिट असूनही गार वाजतं" ही तक्रार. सुती चड्डीचंही तेच, शिवाय ओली सुती शिवण मांडीला घासून सोलते. पोहण्याची घट्ट चड्डी घाला.

कोणता कपडा किती पाणी धरतो हे घरी पंधरा मिनिटांत कळतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कपडा कोरडा तोला. बादलीत बुडवून चुरगाळा, म्हणजे आतली हवा निघेल. बाहेर काढून एक मिनिट ठिबकू द्या, न पिळता पुन्हा तोला. मग पिळून, झटकून तिसऱ्यांदा. सुती थर्मल ठिबकतानाही कोरड्या वजनाच्या अडीच-तीनपट भरतं आणि पिळल्यावरही बरंच जड राहतं. पातळ पॉलिएस्टर पिळलं की हलकं होतं. यातला तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण कयाकवर तुम्ही फार तर बाही पिळू शकता. पंख्याखाली अर्धा तास टांगून परत हात लावलात तर राहिलेली शंकाही जाईल.

त्यावरचा थर फ्लीसचा, म्हणजे मऊ केसाळ पॉलिएस्टरचा, पातळ, चौरस मीटरला 100 ग्रॅमवाला. 200 ग्रॅमचा नको, तो काठावरचा कपडा आहे. फ्लीस ओलं झालं तरी दोनदा झटकलं की त्यात हवा शिरते आणि ऊब येते, पण वारा त्यातून आरपार जातो. नुसतं फ्लीस घालून कयाकवर बसणं म्हणजे जाळीची खिडकी लावून थंडी अडवणं. ते जॅकेटच्या आतच घालायचं. सकाळी निघताना घालावं आणि अंग तापलं की काढून कोरड्या पिशवीत टाकावं. घामाने भिजू देऊ नये.

लोकर चालते, ओलेपणीही बरीच ऊब देते, पण खरी असली तर. डिसेंबरात रस्त्याकडेला स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथे 'वुलन' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं अॅक्रिलिक असतं. आतल्या शिवणीतून दोन इंच धागा काढा, चिमट्यात धरून मोरीवर जाळा. लोकर आकसते, ज्योत काढली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. अॅक्रिलिक वितळत जळतं, टोकाला काळा कडक मणी राहतो. सूत कागदासारखं जळतं. अॅक्रिलिकच्या जाड विणीत पाणी फोडणीच्या पोह्यांसारखं मुरून बसतं. तो स्वेटर परतीच्या प्रवासात घाला, पाण्यात नाही.

आता जॅकेट, ज्यावर सगळ्यात जास्त विचार करावा. पैसे मात्र कमी लागतील, कारण पावसाळी ट्रेकचं जॅकेट तुमच्याकडे आहेच. दुचाकीवर घालायचा जाड प्लॅस्टिकचा रेनकोट नको, त्यात घाम कोंडतो आणि तो पाण्यात फुगतो. नायलॉनचं, आतून लेप दिलेलं पातळ जॅकेट हवं. तीन जागा तपासा. मनगट: वेल्क्रो असेल तर ओलं असताना धरतं का ते नळाखाली बघा, जुनं वेल्क्रो धरत नाही. नसेल तर अल्टरेशनवाल्याकडून इलॅस्टिक घालून घ्या, बोट सहज आत जाईल इतपत सैल. मनगट उघडं राहिलं की वल्हं वर जाताना दांड्यावरून ओघळणारं पाणी थेट काखेपर्यंत जातं. पाण्यात न पडताही माणूस भिजतो तो इथून. वल्ह्यावर ठिबक अडवणाऱ्या रबरी चकत्या असतात, त्या पात्यापासून वीतभर आत सरकवून ठेवा. दुसरी जागा गळा: चेन हनुवटीपर्यंत जायला हवी. तिसरी टोपी: ती काढता येत असेल तर काढा, नसेल तर गुंडाळून कॉलरमध्ये शिवून टाका. लोंबती टोपी पडल्यावर पाण्याने भरते आणि मान मागे ओढते. लांबी कमरेपर्यंतच. खाली उतरणारं जॅकेट बसल्यावर ओल्या बैठकीत लोळतं.

लेप उडालाय का हे पाहायला बाहीवर पेलाभर पाणी ओता. थेंब घरंगळले तर उत्तम. कापड काळवंडलं आणि आतला हात गार लागला, तर लेप गेला. पण वारा तरीही अडतो. फुंकून बघा, पलीकडच्या तळहाताला फुंकर लागली नाही तर आणखी एक हिवाळा काढा.

या सगळ्यावर लाइफ जॅकेट. सगळ्यावर, म्हणजे पावसाळी जॅकेट आत आणि लाइफ जॅकेट बाहेर. वरून जॅकेट घातलं तर पडल्यावर बकल सापडत नाही आणि बाहेरचा कपडा फुगून तोंडावर येतो. फोमचं लाइफ जॅकेट छाती आणि पाठ अशी उबदार ठेवतं की धडासाठी वेगळा जाड कपडा लागतच नाही. त्यामुळे फ्लीस कोणतं या प्रश्नावर लोक जितकी चर्चा करतात तितकी करायची गरज नाही. पट्टे मात्र आतले कपडे घालून झाल्यावर आवळा. मग कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. कयाकिंगला 50 न्यूटनचं (हे तरंगवण्याच्या जोराचं माप) चालतं, पण ते पोहता येणाऱ्यासाठी. मुलाला पोहता येत नसेल तर 100 न्यूटनचं, मानेमागे फोमची कॉलर असलेलं.

कमरेखाली. वर बसायच्या कयाकमध्ये तळाला आरपार भोकं असतात, त्यांतून पाणी वर येतं आणि बैठक सतत ओली राहते. तुम्ही न पडताही तासभर वाटीभर पाण्यात बसलेले असता. घट्ट पॉलिएस्टर लेगिंग आणि वर आखूड नायलॉन चड्डी पुरते. यात थोडा जास्त पैसा टाकायचा तर 1.5 ते 2 मिलिमीटरची निओप्रीनची पँट घ्या. वरच्या वेटसूटपेक्षा ही तुम्हाला दहापट उपयोगी पडेल. जीन्स अजिबात नको. जीन्स माणसाला खाली ओढते असा समज आहे, तो तसा खरा नाही, कारण पाण्यात असलेल्या पाण्याला वजन जाणवत नाही. ती नडते पाण्यातून वर येताना. कयाकवर पालथं पडून पाय वर घेताना ते भिजलेलं कापड उचलावं लागतं, गुडघा वाकत नाही, आणि तीनदा प्रयत्न फसला की दम जातो.

पावलं आणि बोटं याबद्दल फार लिहीत नाही. 3 मिलिमीटरचे निओप्रीनचे बूट घ्या, कडक तळाचे, कारण पवनेच्या काठावर दगड आहेत. अंगठा हलला पाहिजे, टाच उचलली जाता कामा नये. नाडीचे बूट नकोत, नाडी अडकते. हातमोजे पवनेवर लागत नाहीत. जाड मोजे घातले की वल्हं जास्त आवळून धरलं जातं आणि कोपराखालचे स्नायू दुखतात. डोक्याला माकडटोपी नको, भिजली की ती कानावर गार पट्टीसारखी बसते. पातळ पॉलिएस्टरची कानटोपी किंवा गळ्यातला नळीसारखा रुमाल डोक्यावर ओढून घ्या.

मुलाकडे वेगळं लक्ष. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे तो तुमच्यापेक्षा लवकर गार होतो, आणि तो पुढे बसून कमी वल्हवतो, म्हणजे तापतही कमी. त्यातून बारा वर्षांचा मुलगा "मला गार वाजतंय" असं कधीच म्हणणार नाही, कारण मग परत फिरावं लागेल. विचारू नका, काम सांगा: लाइफ जॅकेटचं बकल उघडून पुन्हा लावायला सांगा. बोटं अडखळली, की काठाकडे. ओठ निळसर दिसले, बोलणं जड झालं किंवा कुडकुडणारा मुलगा अचानक शांत झाला, तर ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, आणि जीभ जड असेल तर सरळ दवाखाना गाठा. निओप्रीनवर पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच्यासाठी करा: बिनबाह्यांचा, पूर्ण पायांचा, आत्ता बसणारा. पुढच्या वर्षी होईल म्हणून एक माप मोठा घेतलात तर तो वेटसूट राहणार नाही, पाण्याची पिशवी होईल.

का, हे हृषीकेशच्या निमित्ताने सांगतो. तिथे हिशोब उलटा आहे. हवा दुपारी पंचवीस अंश असेल, पण गंगेचं पाणी वरच्या बर्फाचं, फेब्रुवारीत दहा ते चौदाच्या घरात. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता नेतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट धोक्याचं: तोंड उघडून मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, त्या वेळी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात. पुढच्या दहा मिनिटांत बोटांतला जोर जातो, दोर धरता येत नाही. इथे वेटसूट हवाच, शिवपुरीपासूनच्या 16 किलोमीटरच्या टप्प्याला 3 मिलिमीटर पूर्ण बाह्यांचा पुरतो. राफ्टवर दंड फार वापरावा लागत नाही म्हणून बाह्यांचा त्रास कमी. मित्राचा सूट अंगाला बसत असेल तर तोच न्या, नाहीतर तिथे भाड्याने घ्या.

बसतो का, हे असं तपासा. वेटसूट आत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो आणि तो अंगाने तापतो, त्यामुळे कुठेही पोकळी नको. घालून उभे राहा, कोणाला तरी कमरेच्या मागच्या खोलगट भागात कापड चिमटीत धरायला सांगा. दोन बोटांहून जास्त हाती आलं, तर तिथे गार पाणी साचणार आणि प्रत्येक हालचालीला बदलत राहणार. तेच काखेत आणि जांघेत. गळ्याशी एक बोट अडकत जावं. उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा. खांदे ओढले जाऊन गळा दाबला गेला तर धड आखूड आहे. घट्ट वाटणं ठीक, दीर्घ श्वास अडणं ठीक नाही. भाड्याच्या सुटात गुडघे आणि बसायची जागा दाबून बघा. चेपलेलं, कागदासारखं पातळ झालेलं निओप्रीन नावाला 3 मिलिमीटरचं असतं. शिवण दोन्ही बाजूंनी सपाट दिसत असेल तर सुईच्या भोकांतून पाणी येतं. चिकटवून एकाच बाजूने शिवलेली मिळाली तर ती घ्या. आत फक्त पातळ लायक्रा. फ्लीस आत घातलं तर घड्या पडून नेमक्या पोकळ्या तयार होतात. सुटावर तुमचं वारा अडवणारं जॅकेट. आणि पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर 'स्कूबा' कापडाचे जाड टी-शर्ट लटकलेले दिसतात त्यांचा निओप्रीनशी संबंध नाही, ते विणलेलं पॉलिएस्टर आहे. कापलेल्या कडेला रबराचे बारीक बंद बुडबुडे दिसले तरच निओप्रीन.

सूट परत देताना साध्या पाण्यात धुवून, उलटा करून, सावलीत, कमरेवर दुमडून वाळवा. गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात चिमट्यांनी टांगलात तर रबर कडक होऊन खांद्यांना तडे जातात, आणि मैत्रीचंही तेच होतं.

सहा हजारांची वाटणी: मुलाचा बिनबाह्यांचा सूट जवळपास निम्मे खाईल. मग दोघांचे बूट, दोन ड्राय-फिट, आणि 10-15 लिटरची एक कोरडी पिशवी, तोंड तीनदा गुंडाळून बकल लावायची. दोनदा गुंडाळली तर पाणी शिरतं. उरले तर तुमची निओप्रीनची पँट, नाहीतर ती पुढच्या वर्षी. पहिल्या रविवारी लगेच लांब जाऊ नका. सगळं घालून काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पडा, दहा मिनिटं भिजा, परत चढा आणि दहा मिनिटं वाऱ्यात नुसते बसून राहा. दात वाजले तर काय कमी आहे ते तिथेच कळेल.

सर्वात जास्त गारठा पाण्यावर नसून दुचाकीवर असतो. ताशी साठच्या वेगात ओल्या चड्डीवर पाऊण तास बसलात तर कयाकवर वाजली नसेल इतकी थंडी वाजते. येतानाही तेच, कोथरूडहून पहाटे निघून पौडमार्गे जाताना माणूस पाण्यात उतरायच्या आधीच गारठलेला असतो. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवायची जुनी युक्ती अजूनही तितकीच चालते. परतताना वरचे कपडे आधी बदला, अंग पंचाने कोरडं करून लगेच वारा अडवणारं जॅकेट चढवा, मग लुंगी गुंडाळून खालचे. पंचा टॉवेलपेक्षा बरा, पिळून पुन्हा वापरता येतो. सुती थर्मल आणि तो अॅक्रिलिक स्वेटर आता घाला, कोरडे असताना ते उत्तम आहेत. केस पुसून मगच हेल्मेट, नाहीतर आतला फोम भिजून पुढच्या रविवारपर्यंत वास मारतो. गाडीला किक मारायच्या आधी मुलाचे मोजे बदलले आहेत का ते स्वतः हात लावून बघा. तो हो म्हणेल, पण बुटात ओलेच असतील.